विज्ञानशाळेचें दार कोणासाठीं?

विज्ञान हा केवळ हुशार मुलांचा विषय, असें म्हणणारे पालक पुष्कळ आढळतात. आणि तें वारंवार ऐकून कित्येक मुलें चौदाव्या वर्षींच त्याचा नाद सोडून देतात. हा समज कितपत खरा आहे, हें अमेरिकेंतील कांहीं शाळांच्या उदाहरणांवरून पाहूं.

न्यूयॉर्क शहरांत स्टायव्हेसंट हायस्कूल १९०४ सालीं व ब्राँक्स विज्ञान हायस्कूल १९३८ सालीं निघालें. ब्राँक्सच्या शाळेंतून पुढें नोबेल पारितोषिकाचे मानकरी निपजले. परंतु या दोन्ही शाळांतील प्रवेश स्पर्धापरीक्षेच्या गुणांवर ठरतो; ज्यास पूर्वतयारीची सोय नाहीं, तो उंबरठ्यावरच अडतो. मुलींस तर ब्राँक्स येथें १९४६ पर्यंत व स्टायव्हेसंटमध्यें १९६९ पर्यंत मज्जावच होता. त्या वर्षांपूर्वीं मुलींस बुद्धि नव्हती, असें कोण म्हणेल? दार बंद होतें, इतकेंच.

या शतकाच्या आरंभीं तेथें निराळ्या विज्ञानशाळा निघूं लागल्या. सॅन डिएगो येथील 'हाय टेक हाय' २००० सालीं व कोलंबस येथील 'मेट्रो' २००६ सालीं सुरू झाली. यांत प्रवेश सोडतीनें मिळतो. सॅन डिएगोच्या सोडतींत मुलगा शहराच्या कोणत्या वस्तींत राहतो हेंही पाहतात; त्यामुळें श्रीमंत व गरीब वस्त्यांतील मुलें एका बाकावर येतात. सोडत महाराष्ट्रांतील पालकांसही अपरिचित नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें राखून ठेवलेल्या २५ टक्के जागा येथेंही सोडतीनेंच भरतात.

मात्र दार उघडलें म्हणजे काम संपलें, असें नव्हे. ज्याचें गणित कच्चें आहे, त्यास नुसतें वर्गांत बसवून काय उपयोग? म्हणून या शाळांची घडणच वेगळी ठेविली आहे. 'मेट्रो'मध्यें एक पाठ्यक्रम पुरता आत्मसात् झाल्यावांचून पुढचा मिळत नाहीं. मागें पडलेल्यास नापासाचा शिक्का न मारितां अधिक वेळ व साहाय्य देतात. 'हाय टेक हाय'मध्यें हुशार व मंद अशा वेगळ्या तुकड्या नाहींत. मुलें मिळून प्रत्यक्ष वस्तु घडवितात व ती लोकांपुढें मांडून तिची उपपत्ति सांगतात. डेन्व्हर येथें २००४ सालीं निघालेल्या अशाच एका विज्ञानशाळेची पहिली तुकडी २००८ सालीं बाहेर पडली, तेव्हां तींतील प्रत्येकास चार वर्षांच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता.

यावरून आम्ही एवढेंच सुचवूं इच्छितों. पालकांनीं एका परीक्षेचे गुण हा मुलाच्या बुद्धीचा अखेरचा निवाडा मानूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, जें समजलें नाहीं तें पुन्हा विचारण्याची लाज बाळगूं नका. प्रयोगशाळेंतील परीक्षानळी ती धरणाऱ्याचा वर्गांतील क्रमांक विचारीत नाहीं.