जुनी नाणी : वय, अवस्था आणि मोल

प्रश्न : आजोबांच्या पेटीत 1835 चा कंपनी सरकारचा पाव आणा आणि 1943 चा भोकाचा पैसा सापडला. चिंचेने घासून दोन्ही लख्ख केले आहेत. लाखभर रुपये येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाण्याचे मोल केवळ वयावर नव्हे, तर दुर्मीळता, मागणी आणि अवस्था यांवर ठरते, ही दोन्ही नाणी अमाप पाडली गेल्याने झिजलेल्या प्रतीला बहुधा शे-दोनशे रुपयांच्या आतच भाव मिळतो. अवस्था म्हणजे ठशाची झीज : पाव आण्यावरील सिंहांची आयाळ आणि ढालीच्या रेषा स्पष्ट दिसत असतील, तर प्रत चांगली समजावी. तांब्यावर काळाने चढणारा तपकिरी थर, ज्याला ‘पॅटिना’ म्हणतात, तो चिंचेच्या आम्लाने निघून जातो आणि संग्राहक अशा चकचकीत प्रतीला कमीच भाव देतात. तरीही नाणी निकामी झालेली नाहीत, फक्त यापुढे ती घासू नयेत. विक्रीपूर्वी नाणे-प्रदर्शनात दोन-तीन जाणकारांचे मत घ्यावे. कंपनीचे म्हणून खपवले जाणारे, हनुमानाची छबी असलेले 1818 चे ‘आणे’ मात्र कंपनीचे चलन नव्हेतच. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिरातींना भुलून आगाऊ शुल्क भरू नये. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत नसते आणि त्यांसाठी कोणतेही शुल्क मागत नाही, असे तिने 2021 मध्ये जाहीर केले आहे.