साठवणींतील चल नांवें

शब्दसंग्रहासाठीं ब्राउझरचें एक्स्टेन्शन रचतांना प्रत्येक अर्थ त्या त्या शब्दाच्या नांवाखालीं साठवावा, असें आपण योजितों. समजा, ‘शब्द’ नामक चलांत ‘नदी’ आहे. महिरपी कंसांत नांव व अर्थ यांची जोडी लिहितांना डावीकडे नुसतें ‘शब्द’ लिहिलें, तर जावास्क्रिप्ट चलांत डोकावत नाहीं. ‘शब्द’ हीं अक्षरेंच नांव समजते. पुढें ‘पर्वत’ येतांच नदीचा अर्थ पुसला जातो, आणि तोहि मुकाट्यानें! वर्षभराच्या श्रमांतून एकच अर्थ उरतो. यास्तव डावीकडील चल चौकोनी कंसांत घालावा. ही सोय २०१५ सालच्या भाषानियमांत आली. त्यापूर्वीं रिकामें ऑब्जेक्ट घेऊन चौकोनी कंसानें त्यांत नांव भरीत. ती रीत आजहि चालते. परत मागतांना चल तसाच द्यावा, पण हातीं आलेल्या ऑब्जेक्टमधून अर्थ काढावयास पुन्हां चौकोनी कंस हवाच.