ऑल स्टार चिअरलीडिंग : अडीच मिनिटांचा खेळ आणि त्याचे मोल

चिअरलीडिंग हा शब्द भारतीय वाचकाला आता अपरिचित राहिलेला नाही. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगचे क्रिकेट सामने सुरू झाले, तेव्हा सीमारेषेजवळील मंचावर चौकार-षटकारांच्या वेळी नृत्य करणाऱ्या तरुणी येथील प्रेक्षकांनी पाहिल्या, आणि चिअरलीडिंग म्हणजे दुसऱ्याच्या खेळाला केलेली सजावट, असा समज सर्वत्र रूढ झाला. अमेरिकेत मात्र याच नावाखाली एक निराळा प्रकार वाढीस लागला आहे. त्याला ‘ऑल स्टार’ चिअरलीडिंग असे म्हणतात. या प्रकारातील संघ कोणत्याही शाळेचा वा महाविद्यालयाचा नसतो. तो कोणत्याही दुसऱ्या संघाला प्रोत्साहन देत नाही. तो केवळ स्पर्धा करण्यासाठीच बांधलेला असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलींपासून विशीतल्या तरुण-तरुणींपर्यंत असंख्य जण खासगी जिममध्ये त्याचे शिक्षण घेतात.

या स्पर्धांचे बाह्य रूप अत्यंत आकर्षक असते. चकचकीत गणवेश, केसांत मोठा फितीचा गुच्छ, वेगवान संगीत आणि मुखावर अखंड हास्य. या हास्यामागे कोणत्या अडचणी दडलेल्या आहेत, आणि त्या वर्षानुवर्षे दडून का राहिल्या, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

उगम आणि विस्तार

चिअरलीडिंगचा प्रारंभ पुरुषांनी केला, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभे राहून शिस्तबद्ध घोषणा दिल्या. संघटित चिअरलीडिंगचा आरंभ तेथून मानला जातो. त्याच विद्यापीठात १९२३ मध्ये स्त्रियांना या पथकात प्रवेश मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तरुण आघाडीवर गेले, तेव्हा त्यांची जागा मुलींनी घेतली आणि पुढे हा मुलींचाच प्रांत ठरला.

१९४८ मध्ये टेक्सासमधील लॉरेन्स हर्कीमर यांनी चिअरलीडिंगचे प्रशिक्षण शिबिर भरविले आणि नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन ही संस्था उभी केली. शिबिर, गणवेश आणि हातात धरावयाचे झुबके या तिन्हींचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्याच संस्थेत काम केलेल्या जेफ वेब यांनी १९७४ मध्ये युनिव्हर्सल चिअरलीडर्स असोसिएशन स्थापन केली. वेब यांनी घोषणांपेक्षा कसरतींवर अधिक भर दिला. पुढे या उद्योगातूनच ‘वर्सिटी’ ही कंपनी उदयास आली. १९८० च्या दशकात स्पर्धांचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण होऊ लागले, आणि शाळेच्या संघात जागा न मिळालेल्या किंवा अधिक कठीण कसरती करू इच्छिणाऱ्या मुलींसाठी खासगी जिम निघाल्या. ऑल स्टार चिअरलीडिंगचा जन्म हा असा झाला.

अडीच मिनिटांत काय घडते

स्पर्धेतील सादरीकरणास जास्तीत जास्त अडीच मिनिटांचा अवधी असतो. ५४ फूट लांब व ४२ फूट रुंद अशा, खाली स्प्रिंग बसविलेल्या मॅटवर संघाला कोलांटउड्या, उड्या, नृत्य, स्टंट, मानवी मनोरे आणि हवेत फेकण्याच्या कसरती एकामागून एक कराव्या लागतात. काठिण्यानुसार सात पातळ्या ठरविलेल्या आहेत. प्रत्येक पातळीवर काय करता येईल आणि काय करता येणार नाही, याचे नियम आहेत.

स्टंट हा या खेळाचा गाभा होय. त्यात खाली उभे राहून भार पेलणाऱ्यांना ‘बेस’, मागून आधार देणाऱ्यास ‘बॅकस्पॉट’ आणि वर उचलल्या जाणाऱ्या मुलीस ‘फ्लायर’ म्हणतात. ‘बास्केट टॉस’ या कसरतीत बेस आपले हात एकमेकांच्या मनगटांत गुंतवून टोपलीसारखी बैठक तयार करतात आणि फ्लायरला उंच फेकतात. ती हवेत गिरकी घेते आणि पुन्हा त्याच हातांत येऊन पडते. अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना शिरस्त्राण व खांद्यांवर गाद्या असतात. या मुलींच्या डोक्यावर फितीखेरीज काही नसते. त्यांचे संरक्षण एवढेच, की खालच्या तिघी-चौघींचे हात योग्य क्षणी योग्य जागी असावेत.

या रचनेचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. क्रिकेटमध्ये एखादा खेळाडू जायबंदी झाल्यास राखीव खेळाडू मैदानात उतरतो. येथे एक बेस गैरहजर राहिली, तर तिचा संपूर्ण गट उभा राहू शकत नाही. मनोऱ्याची रचना बदलावी लागते आणि गुण कमी होतात. त्यामुळे मनगट सुजलेले असताना किंवा डोके दुखत असताना ‘मी आज येत नाही’ असे म्हणणे, म्हणजे सर्व मैत्रिणींचे वर्षभराचे श्रम वाया घालविणे, असे बारा वर्षांच्या मुलीला वाटू लागते. कोणी उघड सक्ती केली नाही तरी ही सक्ती काम करीतच असते.

दुखापती : मोजलेल्या आणि न मोजलेल्या

चिअरलीडिंगमुळे झालेल्या दुखापतींसाठी अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत १९८० मध्ये सुमारे पाच हजार जणांवर उपचार झाले. २००७ मध्ये ही संख्या सव्वीस हजारांवर गेली. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये या विषयावर एक धोरणपत्र प्रसिद्ध केले. त्यात नमूद केल्याप्रमाणे हायस्कूलच्या मुलींना खेळताना झालेल्या अतिगंभीर दुखापतींपैकी, म्हणजे डोके व पाठीचा कणा यांच्या कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू ओढवू शकणाऱ्या दुखापतींपैकी, सुमारे ६५ टक्के चिअरलीडिंगमधील होत्या.

या आकड्याचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. हायस्कूल चिअरलीडिंगमध्ये दुखापतींचे एकूण प्रमाण इतर अनेक खेळांहून कमीच आहे. २००९ ते २०१४ या काळातील नोंदींच्या अभ्यासात बावीस खेळांमध्ये त्याचा क्रमांक अठरावा लागला. तथापि त्याच अभ्यासात असेही दिसले, की जी दुखापत होते ती बहुधा गंभीर असते. तीन आठवड्यांहून अधिक काळ खेळाबाहेर ठेवणाऱ्या दुखापतींच्या प्रमाणात जिम्नॅस्टिक्सच्या खालोखाल चिअरलीडिंगच होते. एकूण दुखापतींपैकी सुमारे तीस टक्के मेंदूला बसलेल्या धक्क्याच्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक दुखापती स्टंट करताना झाल्या होत्या. पडणाऱ्या फ्लायरला झेलणाऱ्या बेसच्या डोक्यावर कोपर वा गुडघा आदळणे, हे त्यांचे एक नेहमीचे कारण. म्हणजे धोका केवळ वर जाणाऱ्या मुलीलाच असतो असे नाही. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका स्पर्धेत सादरीकरणाच्या वेळी छातीवर लाथ बसून वीस वर्षांच्या एका तरुणीचा मृत्यू झाला.

हे सर्व आकडे प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांतील आहेत, ही बाब अधिक महत्त्वाची होय. शाळांतील दुखापतींची नोंद ठेवणारी यंत्रणा अमेरिकेत आहे. खासगी जिम त्या यंत्रणेच्या कक्षेत येत नाहीत. सर्वांत कठीण कसरती जेथे केल्या जातात, त्याच ठिकाणच्या दुखापतींची पुरेशी मोजदाद होत नाही. जे मोजले जात नाही ते सुधारण्याची निकडही कोणाला भासत नाही.

शरीराच्या वजनाचा प्रश्नही याच वर्गातला आहे. फ्लायर हलकी असणे सोयीचे असते, म्हणून वाढीच्या वयातील मुलीला उंची व वजन वाढू लागताच आपली जागा जाण्याची भीती वाटू लागते. साउथ कॅरोलायनातील संशोधकांनी २०१२ मध्ये महाविद्यालयीन चिअरलीडरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे एकतृतीयांश मुलींमध्ये आहारविषयक विकृतीचा धोका आढळला. पोट उघडे ठेवणारा गणवेश घालावयाचा असल्यास आपल्या शरीराविषयीचे असमाधान वाढते, असेही त्यात दिसून आले.

एकाच हाती सर्व सूत्रे

ऑल स्टार संघात मुलीला घातल्यावर पालकांना जिमचे मासिक शुल्क, गणवेश, बूट, नृत्यरचनाकाराचे मानधन, संगीत, स्पर्धांचे प्रवेशशुल्क, प्रवास आणि हॉटेल असा खर्च करावा लागतो. तो वर्षाकाठी हजारो डॉलर होतो. अनेक स्पर्धांत ‘राहा तरच खेळा’ असा नियम होता. म्हणजे संयोजकांनी ठरविलेल्या हॉटेलात उतरल्याखेरीज संघाला स्पर्धेत भाग घेता येत नसे. जिंकलेल्यांना पैशाचे पारितोषिक क्वचितच असते. बहुधा जॅकेट, पताका वा अंगठी मिळते.

खर्चाचा हा भार समजून घेण्यासाठी बाजाराची रचना पाहावी लागते. वर्सिटीने २००४ मध्ये हर्कीमर यांची जुनी प्रतिस्पर्धी संस्था विकत घेतली. २०१५ मध्ये जॅम ब्रँड्स हा मोठा स्पर्धा-संयोजक समूहही तिच्याकडे आला. गणवेश तिचे, शिबिरे तिची आणि बहुतेक मोठ्या स्पर्धाही तिच्याच, अशी स्थिती निर्माण झाली. गणवेशावरील पट्ट्यांच्या नक्षीला स्वामित्व हक्क मिळू शकतो का, हा तिचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. २०१८ मध्ये बेन कॅपिटल आणि २०२४ मध्ये केकेआर या गुंतवणूक संस्थांनी ही कंपनी घेतली.

ऑल स्टारचे नियम करणारी यूएस ऑल स्टार फेडरेशन २००३ मध्ये स्थापन झाली. तिच्या उभारणीस वर्सिटीनेच आर्थिक साहाय्य केले होते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड येथे २००४ पासून भरणारी जागतिक स्पर्धा याच फेडरेशनची. तेथे जाण्यासाठी लागणारे निमंत्रण ठराविक स्पर्धांतूनच मिळते. २०२० मध्ये काही जिमचालक व पालकांनी मेम्फिसच्या फेडरल न्यायालयात मक्तेदारीविरोधी दावे दाखल केले. निमंत्रणांची व्यवस्था आणि जिमना दिली जाणारी परताव्याची रक्कम यांच्या योगे प्रतिस्पर्ध्यांना बाहेर ठेवले जाते आणि त्याची किंमत पालक चुकवितात, असे त्यांचे म्हणणे होते. यांतील एक दावा २०२३ मध्ये ४ कोटी ३५ लाख डॉलरना आणि दुसरा २०२४ मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलरना तडजोडीने मिटला. कंपनीने गैरकृत्य केल्याचे मान्य केले नाही.

खेळ की खेळ नव्हे?

चिअरलीडिंग हा खेळ आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता शब्दांचा वाटतो. त्याचे परिणाम मात्र अत्यंत व्यवहारी आहेत. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभाव करण्यास मनाई करणारा १९७२ चा कायदा मुलींना खेळाच्या समान संधी देण्याचे बंधन घालतो. कनेटिकट राज्यातील क्विनिपिॲक विद्यापीठाने २००९ मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून स्पर्धात्मक चिअरलीडिंगला त्याची जागा देण्याचे ठरविले. व्हॉलीबॉलपटू न्यायालयात गेल्या. स्पर्धात्मक चिअरलीडिंग अद्याप इतके संघटित झालेले नाही, त्याचे नियम एकसारखे नाहीत, म्हणून या कायद्यापुरते ते खेळ ठरत नाही, असा निर्णय २०१० मध्ये झाला. २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. पुढे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चिअरलीडिंगच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. ऑलिंपिक स्पर्धांत त्याचा समावेश मात्र झालेला नाही.

बालरोगतज्ज्ञांनी २०१२ मध्ये चिअरलीडिंगला खेळाचा दर्जा द्यावा अशी शिफारस केली, तिचे कारण हेच होते. शाळेत खेळाचा दर्जा मिळाला, म्हणजे पात्र प्रशिक्षक, वैद्यकीय तपासणी, सरावाच्या वेळेची मर्यादा आणि सुरक्षित जागा यांवर हक्काने बोट ठेवता येते. दर्जा नसला, तर या गोष्टी त्या त्या चालकाच्या सद्बुद्धीवर अवलंबून राहतात.

मुलांचे रक्षण कोणी करावे?

याच पोकळीचे सर्वांत दुःखद रूप बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांत प्रकट झाले. ‘यूएसए टुडे’ या वृत्तपत्राने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तानुसार, अल्पवयीन मुलांशी लैंगिक गैरवर्तनाचे गुन्हे दाखल झालेल्या सुमारे १८० व्यक्ती चिअरलीडिंगशी संबंधित होत्या आणि त्यांच्यावर बंदी घातलेली नव्हती. नियामक संस्थांच्या जाहीर बंदीयादीत त्या वेळी अवघी एकवीस नावे होती. नेटफ्लिक्सवरील ‘चीअर’ या मालिकेमुळे लोकप्रिय झालेल्या एका तरुणाला २०२२ मध्ये अशाच गुन्ह्यांसाठी बारा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्याच वर्षी साउथ कॅरोलायना व अन्य राज्यांत प्रशिक्षक, जिम आणि नियामक संस्था यांच्याविरुद्ध दिवाणी दावे दाखल झाले. त्यांतील प्रत्येक आरोप सिद्ध झाला आहे असे नव्हे. परंतु तक्रार आली तर ती कोणाकडे जाते, हा प्रश्न त्यांनी सर्वांसमोर आणला.

ऑलिंपिक क्रीडासंघटनांतील तक्रारींसाठी २०१७ पासून सेफस्पोर्ट हे स्वतंत्र केंद्र काम करीत आहे. ऑल स्टार फेडरेशन ही ऑलिंपिक व्यवस्थेतील राष्ट्रीय संघटना नसल्याने तिच्यावर या केंद्राचा थेट अधिकार नाही. उलट या खेळाचे स्वरूपच असे आहे, की प्रशिक्षकाचा शारीरिक स्पर्श अपरिहार्य असतो, दूरचे प्रवास वारंवार घडतात, आणि काही गटांत सज्ञान व अल्पवयीन स्पर्धक एकाच संघात येतात. पहिल्या ओळीत कोण उभे राहणार हे ज्याच्या हाती असते, त्याच्याविरुद्ध बोलणे मुलीला कठीण जाते. वर्षभराचे पैसे आधीच भरलेल्या पालकांनाही ते सोपे नसते.

समारोप

या विवेचनावरून चिअरलीडिंग वाईट आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. या खेळाने हजारो मुलींना बळ, शिस्त आणि परस्परविश्वास दिला आहे. एकमेकींच्या हातांवर जीव सोपविण्याची ही कला सामान्य नव्हे. दोष कलेचा नसून व्यवस्थेचा आहे. धोका, श्रम आणि खर्च हे सर्व खेळाचे आहे. परंतु खेळाला लाभणारा स्वतंत्र नियंत्रक तिला लाभला नाही. जो विकतो, तोच स्पर्धा भरवितो, आणि नियम करणाऱ्या संस्थेची उभारणीही त्याच्याच साहाय्याने होते, तेव्हा तक्रार ऐकण्यास तटस्थ कान उरत नाही.

तोवर पालकांना निदान काही गोष्टी विचारता येतात. प्रशिक्षकांचे शिक्षण काय आणि त्यांची पार्श्वभूमी कोणी तपासली? डोक्याला मार लागल्यास वैद्यकीय परवानगीवाचून मुलीला पुन्हा मॅटवर उतरविले जाते काय? वर्षाचा संपूर्ण खर्च आरंभीच लेखी मिळेल काय? सराव पाहण्यास पालकांना मोकळीक आहे काय? या प्रश्नांना जी जिम सरळ उत्तरे देते, तेथे मूल बरेचसे सुरक्षित असते. प्रश्न विचारणेच जेथे संघनिष्ठेच्या विरुद्ध मानले जाते, तेथून मुलीला वेळीच बाहेर काढावे, हेच शहाणपणाचे होय.