‘पॉवरलेस’ या विशेषणाचा योग्य उपयोग

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालय पाहून आलेला मराठी विद्यार्थी दुसरे सरफोजीराजे यांच्याविषयी इंग्रजीत चार ओळी लिहू लागला, तर त्याला पुढील वाक्य सहज सुचेल : ‘सरफोजी वॉज अ पॉवरलेस किंग.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात दोष नाही. तरीही ते अपुरे आहे, आणि अपुरे असल्यामुळेच ते एका कर्तबगार माणसावर अन्याय करते. हा अन्याय कसा घडतो, हे ध्यानात आले म्हणजे ‘पॉवरलेस’ या विशेषणाचा स्वभावही ध्यानात येतो.

‘पॉवर’ म्हणजे सामर्थ्य किंवा अधिकार, आणि ‘लेस’ हा अभाव दाखविणारा प्रत्यय होय. यावरून ‘पॉवरलेस’ म्हणजे ‘दुर्बल’ असा अर्थ मराठी वाचक करतो. परंतु दुर्बलता हा अंगचा गुण आहे; ‘पॉवरलेस’ हे विशेषण बहुधा गुण सांगत नाही, ते संबंध सांगते. एखादी व्यक्ती एखादी विशिष्ट गोष्ट करण्यास, अथवा एखाद्या विशिष्ट शक्तीपुढे, असमर्थ आहे, एवढेच त्यातून सूचित होते. जाळ्यात सापडलेल्या सिंहाची इसापाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तो सिंह ‘वीक’ नव्हे. त्याच्या पंजातील बळ कायम आहे. मात्र जाळे तोडण्याच्या बाबतीत तो ‘पॉवरलेस’ आहे. उंदीर दुर्बल खरा, पण त्या जाळ्यापुढे तो ‘पॉवरलेस’ नाही.

यास्तव हे विशेषण वापरताना एक प्रश्न स्वतःस विचारावा : कशाच्या बाबतीत? या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी वाक्यात मुख्यतः दोन रीतींनी येते.

पहिली रीत : ‘पॉवरलेस’नंतर ‘टु’ आणि क्रियापदाचे मूळ रूप. उदाहरणार्थ, ‘द डॉक्टर्स वेअर पॉवरलेस टु सेव्ह हिम’ – त्याला वाचविणे डॉक्टरांच्या हाती नव्हते. येथे ‘टु सेव्हिंग’ किंवा ‘फॉर सेव्हिंग’ असे लिहू नये. मराठीतील ‘वाचविण्यासाठी’ या रूपामुळे ‘फॉर’ लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा.

दुसरी रीत : ‘पॉवरलेस’नंतर ‘अगेन्स्ट’ आणि नाम. ‘द व्हिलेजर्स वेअर पॉवरलेस अगेन्स्ट द फ्लड’ – पुरापुढे गावकऱ्यांचे काही चालेना. मराठीत आपण ‘पुढे’ म्हणतो, इंग्रजीत बहुधा ‘अगेन्स्ट’ येते, हे लक्षात ठेवावे.

याखेरीज हे विशेषण ‘फील’ या क्रियापदाबरोबर नेहमी येते : ‘शी फेल्ट पॉवरलेस’. आणि ‘द पॉवरलेस’ असे लिहिल्यास ते सत्ताहीन लोकांच्या समूहाचे नाम बनते. त्यापुढे क्रियापद अनेकवचनी हवे.

आता सरफोजीराजांकडे वळू. ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ते इंग्रजी शिकले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि लगेच पुढच्या वर्षी, १७९९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावूरचा किल्ला व त्याच्या लगतचा भाग एवढाच उरला. त्याबरोबर वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा ही सोन्याची नाणी आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. तेव्हा अचूक वाक्य असे होईल : ‘आफ्टर १७९९, सरफोजी वॉज पॉवरलेस टु गव्हर्न द किंगडम.’ हे सत्य आहे. परंतु पूर्णविराम येथे पडला. तो ‘किंग’ या शब्दापाशी पडला नाही. कारण याच राजाने सरस्वती महालात देशोदेशीचे ग्रंथ जमविले, १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला, आणि त्याच्याच मुद्रणालयात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापनीतीचे मराठी भाषांतर देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. राज्य करण्यास असमर्थ असलेला हा राजा ज्ञान जमविण्यास असमर्थ नव्हता. नुसते ‘पॉवरलेस किंग’ म्हटल्याने हा सगळा भाग पुसला जातो. केवळ पद सांगायचे असेल, तर नामधारी या अर्थाचा ‘टिट्युलर’ हा शब्द अधिक नेमका आहे.

‘पॉवरलेस’ आणि ‘हेल्पलेस’ यांतील भेदही याच राजवाड्याच्या पुढील इतिहासावरून स्पष्ट होतो. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना निवर्तले. कंपनीने राज्य खालसा केले आणि राजाची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो फिरविला. ही जप्ती म्हणजे सार्वभौम सत्तेचे कृत्य असून त्याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार न्यायालयास नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. येथे ‘द कोर्ट वॉज पॉवरलेस टु हेल्प द क्वीन’ हे वाक्य तंतोतंत बसते. न्यायालय दुबळे नव्हते. या एका बाबतीत त्याला अधिकार नव्हता. राणी मात्र ‘हेल्पलेस’ नव्हती. स्वतःची काळजी घेता न येणारे, दुसऱ्याच्या आधारावाचून ज्याचे चालत नाही असे तान्हे मूल ‘हेल्पलेस’ असते. जी स्त्री आपला दावा लंडनपर्यंत लढविते, तिला तो शब्द लावणे अनुचित होय. पुढे १८६२ मध्ये ती मालमत्ता राण्यांना परत मिळाली. पण ती सरकारच्या आदेशाने, न्यायालयाच्या हुकमाने नव्हे.

नित्याच्या व्यवहारात मराठी भाषकाने आणखी चार ठिकाणी सावध राहावे.

१. तापाने अंगात त्राण उरले नाही, तर ‘वीक’ म्हणावे.

२. ‘तुमच्या लग्नाला येऊ शकत नाही’ येथे ‘अनेबल टु कम’ पुरेसे आहे. ‘पॉवरलेस’ हा शब्द एवढ्या लहान अडचणीला शोभत नाही.

३. ‘माझा नाइलाज झाला’ याचे इंग्रजी ‘आय हॅड नो चॉइस’ असे होते. नाइलाज झालेला माणूस काहीतरी करतोच, फक्त मनाविरुद्ध करतो. ‘पॉवरलेस’ माणसाला ती गोष्ट करताच येत नाही.

४. वीज गेली म्हणजे घर ‘पॉवरलेस’ होत नाही. ‘द हाउस हॅज नो पॉवर’ असे म्हणावे.

‘इम्पोटन्ट’ हा शब्दही कोशात याच अर्थाने सापडेल. परंतु पुरुषाच्या संदर्भात त्याचा ‘नपुंसक’ असा अर्थ होतो, म्हणून बोलताना तो टाळलेला बरा.

स्वाध्याय : पुढील वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करा आणि प्रत्येक वेळी योग्य विशेषण निवडा.

(अ) वादळापुढे कोळ्यांचे काही चालेना.
(आ) आजारपणानंतर आजी फार अशक्त झाली आहे.
(इ) नियम बदलणे त्या कारकुनाच्या हाती नव्हते.
(ई) पिल्लांचे डोळे अजून उघडलेले नाहीत. ती अगदी असहाय आहेत.

पहिल्या व तिसऱ्या वाक्यातच ‘पॉवरलेस’ येईल : पहिल्यात ‘अगेन्स्ट’सह, तिसऱ्यात ‘टु चेंज’सह. दुसऱ्यात ‘वीक’, तर चौथ्यात ‘हेल्पलेस’. तिसऱ्या वाक्यातील कारकून इतर पुष्कळ कामे करू शकतो, हे उत्तर लिहिताना विसरू नये. ‘पॉवरलेस’ हा शब्द माणसाच्या सामर्थ्याची एक सीमा दाखवितो; त्या सीमेच्या आत जे उरते, ते तो नाकारीत नाही.