कापसाच्या नावाचा प्रवास

खानदेशातील धरणगाव हे पूर्वी सुती कापडासाठी नावाजलेले गाव होते. इ. स. १६७४ मध्ये इंग्रजांनी तेथे आपली वखार घातली. खानदेशचा शेतकरी ज्याला ‘कापूस’ म्हणे, त्याला वखारीतील इंग्रज ‘कॉटन’ म्हणत. दोन्ही शब्दांचा आरंभ सारखाच. म्हणून ‘कॉटन’ हा ‘कापूस’ या शब्दाचाच अपभ्रंश असावा, असे कोणासही वाटेल. परंतु तसे नाही. शब्दांचे नाते केवळ कानांनी ठरत नाही. त्यासाठी त्यांची जुनी रूपे शोधावी लागतात.

‘कॉटन’चे मूळ ‘कुत्न’ या अरबी शब्दात आहे. मध्ययुगात अरबांनी कापूस भूमध्य समुद्राकाठच्या देशांत पोहोचविला आणि मालाबरोबर त्याचे नावही गेले. त्यावरून इटालियनमध्ये ‘कोतोने’, फ्रेंचमध्ये ‘कोतों’ व डच भाषेत ‘काटून’ हे शब्द झाले. स्पेनमध्ये तर अरबांची सत्ता कित्येक शतके होती. तेथील लोकांनी अरबी भाषेतील ‘अल्’ या उपपदासह तो शब्द उचलला; म्हणून स्पॅनिशमध्ये कापसाला ‘आल्गोदोन’ म्हणतात.

जर्मन लोकांनी मात्र वर्णनालाच नाव केले. ते कापसाला ‘बाउमवोले’, म्हणजे ‘झाडाची लोकर’ म्हणतात. भारतात झाडांना लोकर लागते, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानेही इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले होते. ज्यांना मेंढीची लोकरच ठाऊक, त्यांना कापूस असाच दिसणार!

मग आपला शब्द युरोपात गेलाच नाही काय? गेला, आणि अरबी शब्दाच्या कितीतरी आधी गेला. संस्कृत ‘कार्पास’ हाच ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’ व लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ झाला. लॅटिनमध्ये तलम वस्त्राला आणि जहाजाच्या शिडालाही हे नाव मिळाले. पुढे तो शब्द तेथे मागे पडला. इकडे त्याच ‘कार्पास’चे प्राकृतात ‘कप्पास’ व मराठीत ‘कापूस’ झाले.

आज खानदेशातही शेतात ‘कापूस’ वेचतात आणि दुकानात ‘कॉटन’चा सदरा मागतात. पिकविणाऱ्याचा शब्द शेतात राहिला. माल वाहून नेणाऱ्याचा शब्द देशोदेशी फिरून येथे आला. एका साध्या शब्दात असा व्यापाराचा इतिहास साठलेला असतो.

स्वाध्याय : ‘कॉटन’ आणि ‘कार्बासुस’ यांपैकी कोणता शब्द ‘कापूस’चा खरा आप्त आहे? कारण सांगा.