एका सायकलपटूचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला भांडवल आणि घसारा हे शब्द नवे नाहीत. पण ज्या धंद्यात माणसाचे शरीर हेच भांडवल, त्या धंद्यातील घसारा कोणत्या वहीत मांडावा, हे आमच्या क्रमिक पुस्तकांत नाही. टॉम सिम्पसन या इंग्रज सायकलपटूची हकीकत वाचताना मला हा प्रश्न पडला.

सिम्पसनचा जन्म १९३७ साली डरहॅम परगण्यात एका खाणकामगाराच्या घरी झाला. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये त्याला सांघिक शर्यतीत कांस्यपदक मिळाले. १९५९ मध्ये तो फ्रान्सला गेला व धंदेवाईक झाला. १९६२ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये आघाडीवीराचा पिवळा सदरा चढवणारा तो पहिला ब्रिटिश. १९६५ मध्ये तर तो जगज्जेता झाला.

आता या धंद्याचा हिशेब पाहा. सायकलपटूला कंपनीच्या संघाकडून पगार मिळे. पण मोठी कमाई टूर संपल्यावर गावोगावी होणाऱ्या छोट्या शर्यतींत असे. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना नावाजलेल्या मल्लाला आधी बिदागी ठरवून बोलावतात, तसाच हा प्रकार. टूरमध्ये जितका वरचा क्रमांक, तितकी बिदागी मोठी. जगज्जेतेपदाचे वर्ष म्हणजे सुगीच. पण १९६६ च्या आरंभीच बर्फावरील घसरगुंडीच्या खेळात सिम्पसनचा पाय मोडला आणि सुगी बरीचशी हातची गेली. म्हणून १९६७ ची टूर त्याला फार महत्त्वाची होती.

१३ जुलै १९६७ चा टप्पा मार्सेय ते कार्पांत्रा असा दोनशे किलोमीटरांहून अधिक होता. वाटेत सुमारे १९०० मीटर उंचीचा माँ व्हांतू. त्याच्या माथ्याकडे झाड नाही, नुसता पांढऱ्या दगडांचा खच. ऊन भयंकर होते. सिम्पसनचे पोट काही दिवसांपासून बिघडलेले, तरी तो एकंदरीत सातवा होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे सायकलपटूला दिवसभरात पाण्याच्या चारच बाटल्या, म्हणजे जेमतेम दोन लिटर पाणी! माथा एखादा किलोमीटर उरला असता तो झोकांड्या खात पडला. त्याच्याच सांगण्यावरून त्याला पुन्हा सायकलवर बसवले. थोड्या अंतरावर तो पुन्हा कोसळला. हेलिकॉप्टरने त्याला आव्हिन्योंच्या रुग्णालयात नेले, पण उपयोग झाला नाही. वय अवघे २९. त्याच्या खिशात अँफेटामिन या उत्तेजक औषधाच्या नळ्या सापडल्या, शवतपासणीत ते औषध व मद्य यांचा अंश आढळला. अँफेटामिनने थकवा जाणवेनासा होतो. म्हणजे 'आता थांब' असे सांगणारा शरीराचा मुनीमच गप्प बसतो.

औषध त्याने स्वतः घेतले, हे मी नाकारीत नाही. फ्रान्समध्ये १९६५ पासून त्याविरुद्ध कायदाही होता. पण १९६६ च्या टूरमध्ये बोर्दो येथे तपासणी होताच दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी खाली उतरून, सायकली हातात धरून निषेध केला होता! म्हणजे सवय एकट्या सिम्पसनची नव्हती. पाणी मोजून देणारे संयोजक, क्रमांक पाहून बिदागी ठरवणारे दलाल, सदऱ्यावर नाव छापणाऱ्या कंपन्या, या सर्वांच्या वहीत नफा पडला; तोटा मात्र एकाच्याच खाती, हे मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशीचा टप्पा त्याच्याच संघातील बॅरी होबनने जिंकला. १९६८ च्या टूरपासून उत्तेजकांची तपासणी नियमाने होऊ लागली. माँ व्हांतूवर तो पडला तेथे ग्रॅनाइटचे स्मारक आहे. चढ चढून येणारे सायकलस्वार तेथे थांबतात आणि पायरीवर आपली पाण्याची बाटली ठेवून पुढे जातात.