अभिरूप परिषद आणि विद्यार्थी वार्ताहर

अभिरूप संसद आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. त्याच धर्तीवर अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघही भरतो. एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला एकेक देश येतो, ठराव मांडले जातात, दुरुस्त्या सुचविल्या जातात, मतदान होते. काही विद्यार्थी मात्र कोणताच देश घेत नाहीत. ते वार्ताहर असतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या कामाचा विचार करावयाचा आहे.

सुट्टीत मी इंदूरला मामांकडे गेलो, तेव्हा मामेभाऊ अशाच एका आमसभेचा वार्ताहर होता. त्याची बातमी हिंदीत. मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. पहिलेच वाक्य : 'रशियाने हरकत मागे घेतली.' वास्तविक ती घेतली होती बी.कॉम.च्या एका विद्यार्थिनीने, आणि तीही जेवणाची वेळ टळत आल्यावर! परिषद अभिरूप असल्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत. बातमी घरच्या व्हॉट्सॲपवर गेली आणि मावशीचा फोन आला, "अरे, खरंच का?" पहिल्या उल्लेखात तरी 'रशियाची बाजू मांडणारी विद्यार्थिनी' असे लिहिलेच पाहिजे, वाक्य लांबले तरी हरकत नाही.

दुसरी बाब कागदाची. भाषणे रंगतात, पण शेवटी उरतो तो कागद. जुलै २०२३ मध्ये इंदुरातच जी-२० देशांच्या श्रम व रोजगार मंत्र्यांची बैठक झाली. तिच्या अखेरच्या कागदाचे नाव 'निष्कर्ष दस्तऐवज व अध्यक्षांचा सारांश' अशा अर्थाचे जोडनाव होते. युक्रेन युद्धाविषयीच्या मजकुरावर सर्वांचे एकमत नव्हते. नुसते नाव नीट वाचणाऱ्यालाही मतभेदाचा सुगावा लागावा!

भाषांतरात तर जास्तच जपावे लागते. सुरक्षा परिषदेचा २२ नोव्हेंबर १९६७ चा २४२ वा ठराव पाहा. इस्रायलने व्याप्त प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे, असे त्यात आहे. इंग्रजी मजकुरात 'प्रदेश' या शब्दामागे निश्चित उपपद नाही, फ्रेंचमध्ये आहे. सगळे प्रदेश की काही, हा वाद त्यातूनच निघाला. मराठीत असे उपपदच नाही, कन्नडमध्येही नाही. तेव्हा आपल्या वार्ताहराने हा भेद वेगळे वाक्य घालून सांगावा. करारनाम्यातील 'व' आणि 'किंवा' किती महाग पडतात, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

भावाने दुसऱ्या दिवशी ठरावाचा मसुदा मागून आणला. त्यात 'आवाहन करते' असे होते, बातमीत 'आदेश दिला'. आमसभा सदस्य देशांना शिफारस करते, आदेश देत नाही. परिषदेचे वार्तापत्र छापावयास जाण्यापूर्वी ती ओळ बदलता आली. 'रशियाने हरकत मागे घेतली' मात्र अजून मावशीच्या फोनवर आहे.